सोलॅनम पेनेली: हिरव्या फळांचा जंगली टोमॅटो ओळखणं, वाढवणं आणि त्याचा संकर करणं

पेरूच्या पश्चिमेकडे, पॅसिफिक किनारा आणि अँडीज पर्वत यांच्यामधल्या कोरड्या उतारांवर सोलॅनम पेनेली हा जंगली टोमॅटो वाढतो. उत्तर चिलीतही त्याच्या काही नोंदी आहेत. फळ जेमतेम सव्वा सेंटीमीटरचं, लवदार आणि पिकल्यावरही हिरवंच. ते खाण्याच्या कामाचं नाही. तरीही टोमॅटोच्या अनुवंशशास्त्रात या रोपाचं नाव सतत येतं, कारण फ्युझेरियम मर रोगाला प्रतिकार, फळातली वाढीव साखर, बीटा कॅरोटीन अशा अनेक गुणांची जनुकं त्याच्यातून लागवडीच्या टोमॅटोत आणली गेली किंवा त्याच्या मदतीने शोधली गेली आहेत.

नवशिक्यांचं काम इथे दोन ठिकाणी अडतं. पहिलं, जास्त पाण्याने रोप मरतं. दुसरं, संकराची दिशा उलटी धरली जाते आणि हंगाम वाया जातो. खालचं बरंचसं विवेचन या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी ओळख पक्की करा

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डोनोव्हन कॉरेल यांनी १९५८ मध्ये या प्रजातीचं वर्णन केलं आणि फ्रान्सिस पेनेल यांच्या नावावरून तिला नाव दिलं. जुन्या लेखांत ती लायकोपर्सिकॉन पेनेली म्हणून सापडते. दोन्ही नावं एकाच वनस्पतीची आहेत, शोध घेताना दोन्ही टाका. आजच्या वर्गीकरणात लागवडीचा टोमॅटो धरून त्याच्या गटात १३ प्रजाती आहेत आणि पेनेली त्यांतल्या बाकी सगळ्यांपेक्षा बऱ्यापैकी वेगळी आहे.

सर्वांत खात्रीची खूण फुलात असते. टोमॅटोच्या फुलात परागकोष एकमेकांना चिकटून पिवळा शंकू तयार होतो. त्या शंकूचं टोक निमुळतं आणि वांझ असतं, तिथे पराग नसतो, आणि परागकोष आतल्या बाजूने लांबट चिरांनी उघडतात. पेनेलीत हे वांझ टोकच नसतं. परागकोष टोकाशी असलेल्या छिद्रांतून पराग सोडतात. म्हणजे परागकोषांच्या बाबतीत ती टोमॅटोपेक्षा सोलॅनम वंशातल्या इतर अनेक वनस्पतींशी जास्त जुळते. साधं भिंग घेऊन एक उमललेलं फूल पाहिलं तरी हे दिसतं.

पानं गोलसर पर्णिकांची, जाड आणि बोटाला चिकटणारी. हा चिकटपणा ग्रंथिल लवेतून स्रवणाऱ्या अॅसिलशर्करांचा असतो. साखरेच्या रेणूला मेदाम्लं जोडली जाऊन त्या बनतात. पांढरी माशी आणि मावा यांना अशा पानावर बसणं, खाणं, अंडी घालणं अवघड जातं. पानाच्या दोन्ही बाजूंना पर्णरंध्रांची संख्या जवळजवळ सारखी असते, लागवडीच्या टोमॅटोत ती खालच्या बाजूला बरीच जास्त असते. प्युबेरुलम या उपप्रकारात लव कमी असते. त्यामुळे फक्त चिकटपणावर ओळख ठरवू नका, फूल पाहाच.

कोणता नमुना मागवायचा

जनुकपेढ्यांमध्ये पेनेलीचे बरेच नमुने आहेत. त्यांतले बहुतेक स्वअसंगत आहेत, म्हणजे रोपाचा स्वतःचा पराग त्याच रोपाची कुक्षी नाकारते. असा नमुना घेतला तर बी धरण्यासाठी किमान दोन वेगवेगळी रोपं हवीत, आणि नमुना टिकवायचा असेल तर त्याहून पुष्कळ जास्त, नाहीतर पिढीगणिक विविधता गळत जाते.

सुरुवात करणाऱ्याने एलए ०७१६ हाच नमुना घ्यावा. तो पेरूच्या किनाऱ्यावरच्या आतिको इथला आहे, स्वसंगत आहे आणि त्याच्या पिढ्या जवळजवळ एकसारख्या निघतात. पेनेलीचा जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला तो याच नमुन्यावरून, आणि पुढे येणाऱ्या प्रवेशित ओळीही (पेनेलीचा एकेक तुकडा असलेल्या टोमॅटोच्या ओळी) याच्याच आहेत. वाचलेली माहिती आणि कुंडीतलं रोप यांचा थेट मेळ बसणं नवख्याला फार उपयोगी पडतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या सी. एम. रिक टोमॅटो अनुवंश संसाधन केंद्राकडे हे नमुने आहेत. 'एलए' ने सुरू होणारे क्रमांक तिथलेच. बी संशोधन, पैदास आणि शिक्षण यांसाठी दिलं जातं. आयात परवाना आणि वनस्पती संगरोधाचे नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून मागणी नोंदवण्याआधी आपल्या देशाची कागदपत्रं पूर्ण करा. कागदांशिवाय आलेलं पाकीट बंदरावर नष्ट होऊ शकतं.

पायरी १: बीप्रक्रिया आणि पेरणी

जंगली टोमॅटोचं बी लहान असतं आणि एकाच वेळी उगवत नाही. त्यासाठी ब्लीचची प्रक्रिया करतात. घरगुती ब्लीच, ज्यात सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ ते ६ टक्के असतं, तितक्याच पाण्यात मिसळा. सुगंध किंवा साबण घातलेलं ब्लीच नको. त्यात बी ३० मिनिटं ठेवा, मधूनमधून हलवा, मग चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली कित्येक मिनिटं धुवा. ब्लीचमुळे बीचं आवरण मऊ होतं आणि पृष्ठभागावरचे रोगकारक मरतात. बी धुतल्यावर लगेच पेरा. प्रक्रिया करून वाळवलेलं बी पुन्हा साठवू नका.

तंबाखू मोझॅकसारख्या विषाणूचा संशय असेल तर ब्लीचच्या आधी १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात १५ मिनिटं भिजवा आणि धुवा. हे द्रावण त्वचेला झोंबतं, हातमोजे घाला.

ओल्या टीपकागदावर २५ अंश सेल्सिअसला ठेवलेलं बी साधारण ५ ते १४ दिवसांत फुटतं. मूळ अर्ध्या सेंटीमीटरचं झालं की चिमट्याने अलगद उचलून मातीत लावा. मूळ चिमट्यात धरू नका, बीचं आवरण धरा. दोन आठवड्यांनी काहीच हललं नाही तर बाकीच्या बियांना पुन्हा ब्लीच देण्याऐवजी बारीक ब्लेडने मूळ ज्या बाजूला असतं त्याच्या विरुद्ध कडेचं आवरण किंचित खरवडा. भ्रूणाला पातं लागलं तर बी संपलं, म्हणून हे भिंगाखाली करा.

पायरी २: माध्यम आणि पाणी

पेनेलीचा मूळसंभार लागवडीच्या टोमॅटोपेक्षा लहान आणि बारीक असतो. जिथून ती येते तिथे पाऊस नगण्य असतो. तिची पानं पाणी काटकसरीने वापरतात, म्हणून तिचं भागतं. तीच पानं कुंडीतलं पाणीही सावकाश ओढतात, माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळांना हवा मिळत नाही.

निम्मं जाड वाळू किंवा परलाइट आणि निम्मं हलकं कुंडीमिश्रण घ्या. कुंडी ३ ते ४ लिटरची पुरते. मोठ्या कुंडीत छोटं रोप लावलं तर मूळ न पोचलेला भाग कायम ओला राहतो आणि तिथूनच सड सुरू होते, म्हणून टप्प्याटप्प्याने कुंडी बदला. वरचा ३ ते ४ सेंटीमीटर थर पूर्ण कोरडा झाल्यावरच पाणी द्या, आणि देताना खालून निथळेल इतकं द्या. थोडं थोडं रोज देणं सर्वांत वाईट. बोटाचा अंदाज चुकत असेल तर कुंडी उचलून वजनावरून ठरवा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मुळं सडू लागली की रोप माना टाकतं, आणि ते तहानलेलं आहे असं वाटतं. माती ओली असताना रोप मलूल दिसलं तर पाणी बंद करा. खोडाचा तळ तपकिरी व मऊ झाला असेल तर ते रोप वाचत नाही. त्याचा वरचा निरोगी शेंडा कापून कलमासाठी वापरा.

कलम हा विम्यासारखा उपाय आहे. लागवडीच्या टोमॅटोच्या ३ ते ४ आठवड्यांच्या रोपाचा शेंडा बीजपत्रांच्या वर कापा, खोडात १ सेंटीमीटर खोल उभी चीर द्या, पेनेलीचा तेवढ्याच जाडीचा शेंडा पाचरीसारखा तासून त्यात बसवा आणि क्लिप लावा. ५ ते ७ दिवस सावलीत, भरपूर दमटपणात ठेवा, मग हळूहळू हवा द्या. मूळ लागवडीच्या टोमॅटोचं असल्याने पाण्याची चूक पचते. फुलं, पराग आणि बी मात्र पेनेलीचंच राहतं, खुंटाचा जनुकीय गुण त्यात उतरत नाही. खुंटाला फुटणारे कोंब खुडत राहा, नाहीतर काही महिन्यांनी कुंडीत साधा टोमॅटोच उरतो.

प्रकाश जितका प्रखर तितकं बरं. अंधुक जागी फांद्या लांबट होतात आणि कळ्या गळतात. नत्र कमी द्या. जास्त नत्राने पानंच वाढतात. चिकट पानांवर धूळ बसते, पण ती पुसायच्या भानगडीत पडू नका, पुसताना लवच मोडते.

पायरी ३: स्वतःच्या परागाने बी धरणं

एलए ०७१६ स्वसंगत आहे म्हणून फळं आपोआप धरतील असं नाही. कुक्षी परागकोषांच्या बाहेर आलेली असते आणि पराग छिद्रांतून बाहेर पडायला कंपन लागतं. निसर्गात ते काम मधमाश्यांच्या जातकुळीतल्या, गुणगुणत फूल हलवणाऱ्या जंगली माश्या करतात. बंदिस्त जागेत विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश देठाला टेकवा, खाली छोटी कुपी धरा, पडलेला पिवळा पराग कुक्षीला लावा. सकाळी, हवा कोरडी असताना पराग चांगला सुटतो.

फळ पिकलं हे रंगावरून कळत नाही. ते मऊ पडतं आणि हात लागताच गळतं. रोपाखाली जाळी बांधा किंवा घोसाला पातळ कापडी पिशवी घाला. फळ पिळून बिया काढा, गरासकट एक दोन दिवस आंबू द्या, धुवा आणि सावलीत वाळवा.

पायरी ४: संकर, आणि तो फक्त एकाच दिशेने

लागवडीचा टोमॅटो मादी, पेनेली नर. हे समीकरण कुंडीवरच लिहून ठेवा. उलट केलं, म्हणजे पेनेलीच्या कुक्षीवर लागवडीच्या टोमॅटोचा पराग लावला, तर परागनलिका कुक्षीवृंतातच थांबते आणि बी धरत नाही. या एकतर्फी विसंगतीचा स्वअसंगतीशी जवळचा संबंध आहे. पेनेलीचा कुक्षीवृंत परक्या परागाला अडवतो, आणि तो अडथळा पार करायला परागाला जी प्रथिनं लागतात त्यांतलं एक, कलिन १, लागवडीच्या टोमॅटोत निकामी झालेलं आहे. त्याचं जनुक ६व्या गुणसूत्रावर आहे, तर स्वअसंगतीचं मुख्य स्थान १ल्या गुणसूत्रावर. एलए ०७१६ स्वतःचा पराग स्वीकारतो, त्यात एस-आरएनएज हे नकार देणारं मुख्य प्रथिन बनत नाही, तरीही लागवडीच्या टोमॅटोचा पराग तो नाकारतोच. स्वसंगत आहे म्हणजे कोणताही पराग चालेल, ही समजूत म्हणून चुकीची.

कृती अशी करा. मादी रोपावर अशी कळी निवडा जिच्या पाकळ्या फिकट पिवळ्या होऊन निदलांतून डोकावू लागल्या आहेत पण उघडलेल्या नाहीत. ती दुसऱ्या दिवशी उमलणार असते. बारीक चिमट्याने परागकोषांचा शंकू पाकळ्यांसकट ओढून काढा. परागकोष पूर्ण पिवळे आणि भुकटीदार दिसले तर कळी सोडून द्या, तिथे स्वपरागण झालेलं असू शकतं. दोन निदलं कापून ठेवा, म्हणजे नंतर बांधलेली चिठ्ठी गळून पडली तरी पुढे फळ ओळखता येतं. लगेच किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कुपीत जमवलेल्या पेनेलीच्या परागात कुक्षी बुडवा. खात्रीसाठी पुढच्या दिवशी पुन्हा लावा. देठाला चिठ्ठी बांधा: मादी, नर, तारीख.

एका घोसावर ३ ते ४ फुलंच ठेवा, बाकीच्या कळ्या आणि आधी धरलेली फळं काढा. झाडावर स्वपरागणाची फळं वाढत असली की संकराची कोवळी फळं गळतात. दिवसाचं तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की परागाची क्षमता घसरते, तेव्हा उन्हाच्या लाटेत केलेले संकर मोजूच नका. पराग साठवायचा असेल तर सिलिका जेलवर वाळवून बंद कुपीत फ्रिजमध्ये ठेवा, काही आठवडे चालतो. ओल लागलेला पराग गोळे धरतो आणि फेकून द्यावा लागतो.

पेनेलीसाठी भ्रूण वाचवण्याच्या प्रयोगशाळेतल्या खटाटोपाची गरज पडत नाही. सोलॅनम पेरुव्हियानम किंवा सोलॅनम चिलेन्सेच्या संकरांत ती बहुतेक वेळा पडते. म्हणूनच दूरच्या जंगली प्रजातींशी संकर शिकायला पेनेली चांगली.

पायरी ५: संकर खरा आहे का

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. पुंकेसर काढताना थोडा पराग सांडला की फळ धरतं, बी निघतं, रोपं येतात आणि ती सगळी साधी टोमॅटोची असतात. म्हणून मादी निवडतानाच उघड दिसणारा अप्रभावी गुण असलेली निवडा. बटाट्यासारख्या पानाची मादी असेल तर खऱ्या संकराची पानं दंतुर निघतात. अँथोसायनिन हे जांभळं रंगद्रव्य नसलेली, हिरव्या खोडाची मादी असेल तर संकराच्या कोवळ्या खोडावर जांभळट छटा येते आणि पहिल्याच आठवड्यात निवाडा होतो. एम ८२ या टोमॅटो वाणासारखी मर्यादित वाढीची मादी असेल तर संकर अमर्याद वाढतो, कारण तो गुण प्रभावी आहे.

प्रौढ संकरात पानं गोलसर आणि चिकट, फळं लहान व लवदार असतात. दिसण्यात तो जंगली पालकाकडे झुकतो. फळ हिरवट राहिलं म्हणून निराश होऊ नका, लाल रंग पुढच्या पिढ्यांत वेगळा होतो.

पायरी ६: प्रतीप संकर

पहिल्या पिढीचा संकर लागवडीच्या टोमॅटोकडे परत न्यायचा तेव्हा दिशेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. संकराच्या कुक्षीवृंतातही तो अडथळा प्रभावी असतो, तो लागवडीच्या टोमॅटोचा पराग नाकारतो. म्हणून इथेही लागवडीचा टोमॅटोच मादी आणि संकर नर. संकराला मादी करून शेकडो फुलं परागित करणारे नवखे शेवटी तो वंध्य आहे असा निष्कर्ष काढतात. तो वंध्य नसतो, दिशा चुकलेली असते. एलए ०७१६ पासूनचा संकर स्वतःच्या परागाने दुसरी पिढीही देतो. स्वअसंगत नमुन्यापासूनचा संकर मात्र सहसा देत नाही.

या क्रमाचा आणखी एक परिणाम असा की सगळ्या पिढ्यांत हरितलवक आणि तंतुकणिका लागवडीच्या टोमॅटोच्याच राहतात, कारण त्या मादीकडून येतात.

दोन्ही प्रजातींत गुणसूत्रं २४ आहेत आणि जोड्या जुळतात, तरी दुसऱ्या पिढीत गुण वेगळे होण्याचं प्रमाण १:२:१ असेच धरून चालू नका. काही भागांत ते ढळतं, विशेषतः विसंगतीच्या जनुकांजवळ, कारण तिथे कोणता पराग पोचतो हे आधीच ठरलेलं असतं. शिवाय जंगली तुकड्याच्या आत जनुकांची अदलाबदल कमी होते. हव्या जनुकाशेजारचा नको असलेला भाग त्यामुळे सहज सुटत नाही. फ्युझेरियमच्या तिसऱ्या प्रभेदाला प्रतिकार देणारं आय-३ हे जनुक पेनेलीतून ७व्या गुणसूत्रावर आलं, आणि त्याच्या शेजारच्या तुकड्याने फळाचा आकार घटणं व जिवाणूजन्य ठिपक्यांना बळी पडणं असे दोष आणले. तुकडा छोटा करण्यासाठी डीएनए खुणा दोन्ही बाजूंनी लावून बरीच रोपं तपासावी लागतात. दहा वीस रोपांत ते जमत नाही.

जनुकच हवं असेल तर

पेनेलीचा एखादा ठरावीक गुण अभ्यासायचा असेल तर रानटी रोपापासून सुरुवात करू नका. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले दानी झमीर आणि युव्हाल एशेद यांनी १९९४ च्या सुमारास ५० प्रवेशित ओळी तयार केल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एम ८२ टोमॅटो, ज्यात पेनेलीचा एकच तुकडा आहे. सगळ्या मिळून पेनेलीचा पूर्ण जनुकसंच झाकला जातो. पुढे त्यांची संख्या ७६ झाली.

या ओळींची ताकद अशी की शेजारी एम ८२ लावला आणि फरक दिसला, तर तो फरक त्या एका तुकड्याचाच. ६-३ या ओळीची फळं नारिंगी असतात, कारण त्या तुकड्यातलं 'बी' (B) नावाचं जनुक लायकोपीन या लाल रंगद्रव्याचं बीटा कॅरोटीन करतं. ३-२ या ओळीची पिवळी होतात, तिथे कॅरोटीन बनवण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचं जनुक पेनेलीचं आहे आणि फळात ते नीट चालत नाही. ९व्या गुणसूत्रावरच्या तुकड्यातून लिन ५ सापडलं. हे पेशीभित्तिकेतलं इन्व्हर्टेज एन्झाइम फळाकडे येणारी साखर फोडतं, आणि पेनेलीच्या रूपातल्या एका अमिनो आम्लाच्या फरकाने फळाची साखर वाढते. फळ स्वतः हिरवं आणि बेचव असलं तरी त्याच्यात गोडी वाढवणारं जनुक असू शकतं, हे डोळ्यांनी फळ पाहून कधीच कळलं नसतं.

नवख्याने ६-३, ३-२ आणि एम ८२ यांची प्रत्येकी ५ ते ६ रोपं मिसळून, यादृच्छिक क्रमाने लावावीत. तीन गट तीन वेगळ्या वाफ्यांत लावले तर फरक मातीचा की जनुकाचा हे सांगता येत नाही. रंग लक्षात आल्यावर ३-२ आणि एम ८२ यांचा संकर करा, त्याच्या दुसऱ्या पिढीची ४० रोपं वाढवा आणि लाल व पिवळी फळं वेगवेगळी मोजा. साधारण चारांत एक रोप पिवळ्या फळांचं निघायला हवं. प्रमाण फारच वेगळं आलं तर आधी चिठ्ठ्या आणि बीची पाकिटं तपासा. ओळींची सरमिसळ ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे, आणि रोपवाटिकेत सगळ्या ओळी हुबेहूब सारख्या दिसतात.